गणवेशात माया किती ठेवायची? (आणि तुमच्या शाळेचा गणवेश कोणता होता?)

पाणपोई
काल लेकाचा गणवेश आणला. सहावीत गेलाय. मागच्या जूनमध्ये घेतलेली पँट दिवाळीनंतर घोट्याच्या वर गेली होती, उरलेलं वर्ष लांब मोज्यांवर काढलं. म्हणून या वेळी घरी आल्या आल्या पँट उलटी करून बघितली. खाली दुमड बोटभरसुद्धा नाही. मागच्या शिवणीत माया, म्हणजे पुढे उसवून सोडायला ठेवलेलं जादा कापड, शून्य. कडेला ओव्हरलॉकची शिवण मारून कापड तिथल्या तिथे संपवलेलं. दोन शर्ट, दोन पँटी, खेळाचा एक जोड, टाय, पट्टा मिळून ४,३०० रुपये मोजले. दुकानदाराला विचारलं, "माया नाही का हो ठेवत?" तर त्याने असं पाहिलं की जणू मी उधारी मागतेय. म्हणाला, "एक साइज मोठी न्या." मोठी घातली तर कमरेत दोन पोरं मावतील.

आमच्या लहानपणी आई शिंपीकाकांना दरवर्षी एकच वाक्य ऐकवायची: "वाढत्या अंगाचं शिवा." पहिल्या वर्षी स्कर्ट पोटऱ्यांपर्यंत, दुसऱ्या वर्षी बेताचा, तिसऱ्या वर्षी दुमड सोडायची. सोडली की खाली गडद निळा पट्टा उमटायचा, कारण बाकीचा स्कर्ट धुऊन धुऊन विटलेला. दोनदा सोडली तर दोन पट्टे.

तर प्रश्न दोन. साइज मोठी घ्यावी की मापाची? आणि तुमच्या शाळेचा गणवेश कसला होता? दुसऱ्या प्रश्नावर जास्त लिहिलंत तरी चालेल.

खडूचा_तुकडा
खाकी हाफ पँट, पांढरा शर्ट. शाळा कुठली हे सांगायची गरजच नाही, अर्ध्या महाराष्ट्राचा तोच होता. आमची हाफ पँट जूनमध्ये फुल असायची आणि मार्चमध्ये खरोखरची हाफ.

बाराखडी
मोठी घ्या, पट्टा लावा. यात चर्चेचा धागा काढण्यासारखं काय आहे?

पाणपोई
बाराखडी, पट्टा आवळला की कमरेला चुण्या पडून घागरा होतो हो. दोन वर्षांपूर्वी करून झालंय.

आजोबा_७५
आमच्या खेड्यातल्या शाळेत (सातारा जिल्हा, १९५८-६२ सुमार) गणवेश असा नव्हताच. अंगात असेल तो सदरा. पण डोक्यावर पांढरी टोपी पाहिजे. बोडक्या डोक्याने वर्गात शिरलं की गुरुजी दारातच उभं करीत. घरात टोपी एक आणि शिकणारे आम्ही दोघे भाऊ. माझी शाळा सकाळची, त्याची दुपारची. मी ओढ्याच्या पुलापर्यंत पळत यायचो, तो तिथे उभा असायचा. टोपी बदलली की तो पळायचा. पावसात ती भिजली की त्याला ओलीच घालावी लागे आणि रात्री तो माझ्याशी भांडे.

हायस्कुलात गेल्यावर खाकी चड्डी आली. इस्त्री म्हणजे पितळी तांब्यात निखारे. तांब्या जास्त तापला की पांढऱ्या सदऱ्यावर पिवळा डाग. तो डाग मग खांद्यावर दप्तर अडकवून झाकायचा.

रिबीन
आजोबा, टोपीचा किस्सा डोळ्यांसमोर आला.

आमची मुलींची शाळा. सातवीपर्यंत निळा पिनाफोर, आत पांढरा ब्लाऊज, दोन वेण्या वर बांधून लाल रिबिनी. आठवीपासून पांढरी साडी, निळे काठ. साल १९७४. तेरा वर्षांच्या पोरी, अंगावर पाच वारी साडी, पायात चपला, आणि जुलैचा पाऊस. निऱ्यांना आत तीन, पदराला दोन अशा सेफ्टी पिना. एक पिन उघडली तर आख्खा तास उभं राहायची भीती. घरी नीळ घालणं माझं काम होतं. पहिल्यांदा पुरचुंडी नीट न बांधता बादलीत टाकली, साडीवर आकाशात ढग असतात तसे निळे ठिपके उठले. तीच नेसून गेले, दुसरी कुठे होती?

खो-खोसुद्धा साडीतच. पदर कमरेला खोचून, निऱ्या मागे काढून. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी पंजाबी ड्रेस आला, तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद तिला नाही, आईला झाला. धुवायला सोपा.

खडूचा_तुकडा
साडीत खो-खो? फोटो टाका!

रिबीन
फोटो आहे. पण त्यात मी बाद होतेय.

बदलीवाला
बँकेच्या नोकरीत देश फिरलो, त्यामुळे शाळेत जाणारी पोरं बघायचा छंदच लागला. सकाळी नऊला कुठल्याही गावच्या चौकात उभं राहिलं की राज्य ओळखता यावं, अशी एक स्पर्धा मी स्वतःशीच खेळायचो.

बिहारमध्ये २००६ला मुलींसाठी सायकल योजना सुरू झाली. मी त्यानंतर दोन-तीन वर्षांनी तिथे गेलो. धुक्यात आधी घंट्या ऐकू यायच्या, मग निळा कुर्ता, पांढरी सलवार, पांढरी ओढणी अशी पंधरा-वीस सायकलींची रांग बाहेर पडायची. पोशाखाचे पैसेही सरकार द्यायचं. बाजारातल्या शिंप्यांच्या दुकानांत त्या दिवसांत निळ्या कापडाशिवाय दुसरं काही दिसायचं नाही.

आसामात गेलो तर वरच्या वर्गांतल्या मुली मेखेला-चादर, म्हणजे तिथली दोन भागांची साडी, नेसून शाळेत. रिबीनताईंची साडी वाचून तेच आठवलं. फरक एवढाच की तिथे कुणाला ती अडचण वाटताना दिसली नाही, सायकलही त्यातच चालवत. मणिपूरला मुलींच्या गणवेशात फनेक, म्हणजे कमरेला गुंडाळायचं त्यांचं नेहमीचं वस्त्र, वर शर्ट. गणवेश म्हणजे साहेबाकडून आलेला स्कर्ट-टायच असला पाहिजे असं नाही, हे मला तिकडे कळलं.

उत्तर प्रदेशात सरकारी प्राथमिक शाळांत खाकी होती, ती २०१७ला जाऊन गुलाबी चौकडीचा शर्ट आणि तपकिरी पँट आली. आता तिथे कपडा वाटत नाहीत, पालकांच्या खात्यात पैसे टाकतात. १,२०० रुपये, त्यात गणवेश, स्वेटर, बूट-मोजे, दप्तर, वह्या-पेन्सिली सगळं. खात्यात आलेले पैसे गणवेशावरच खर्च होतात का, हा प्रश्न वेगळा. काउंटरवर बसून जे दिसायचं त्यावरून सांगतो, बहुतेक आया त्याच दिवशी काढायच्या आणि थेट कापडाच्या दुकानात जायच्या. बापांचं मी बोलत नाही.

तिसरी_घंटा
मस्त प्रतिसाद. शेवटचं वाक्य बाप म्हणून टोचलं, पण भापो (भावना पोहोचल्या).

आम्ही केंद्रीय विद्यालयवाले. वडील संरक्षण खात्यात, दर तीन वर्षांनी बदली. देवळालीत घेतलेला गणवेश जबलपूरला चालला, तोच पुढे कोचीला. नव्या शाळेत पहिल्या दिवशी भाषा कळायची नाही, मैत्री नसायची, पण कपड्यांवरून कुणी नवा म्हणून ओळखायचं नाही. पुढे २०१२च्या सुमारास तो बदलला, चौकडीचा शर्ट आणि राखाडी पँट आली. भाचीच्या अंगावर पाहिला तेव्हा उगाच परकं वाटलं. आमचा पांढरा-निळा साधा होता, पण आमचा होता.

उलटा_चष्मा
सगळे गहिवरलेत म्हणून थोडं विरजण घालतो. गणवेशाने सगळी मुलं सारखी होतात, हे आपण स्वतःला सांगत आलेलं एक गोड खोटं आहे. पाणपोईंच्या पहिल्या पोस्टमध्येच त्याचा पुरावा आहे. ते पट्टे! आमच्या वर्गात स्कर्टचे आणि पँटचे पट्टे मोजून कोणाच्या घरी किती भावंडं आणि कितव्या नंबरची पँट आहे ते सांगता यायचं. माझ्या पँटला तीन पट्टे होते, वर पार्श्वभागी दोन ठिगळं, चष्म्यासारखी. मला वर्गात "चष्मा" म्हणायचे. आयडी तिथूनच आलाय.

रंग एकच ठेवला की फरक जात नाही, तो कापडात, बुटांत, इस्त्रीत जाऊन बसतो. मग कशाला हवाय तो बराकीतला प्रकार?

निशाणी
उलटा_चष्मा, आयडीचा उगम वाचून हसू का रडू कळेना.

पण असहमत. माझ्याकडे शाळेबाहेर घालायचे दोनच फ्रॉक होते. गणवेश नसता तर सोमवार-मंगळवारीच ते संपले असते आणि बुधवारपासून सगळ्यांना ते कळलं असतं. वाढदिवसाला रंगीत कपडे घालायची परवानगी होती, तर मी वाढदिवसाला शाळेतच जायचे नाही. पट्टे मला चालले, पट्टे निम्म्या वर्गाला होते.

गुरुजी_पाचवी_ब
जिल्हा परिषदेच्या शाळेत २२ वर्षं शिकवतोय. चष्मा आणि निशाणी दोघांचंही खरं आहे, पण आमच्याकडे फरक वेगळ्याच ठिकाणी पडायचा.

केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतून पहिली ते आठवीच्या मुलांना दोन गणवेशांचे ६०० रुपये यायचे. त्याआधी ४०० होते. पण ते कोणाला? सगळ्या मुलींना, आणि मुलांपैकी अनुसूचित जाती, जमाती व दारिद्र्यरेषेखालच्यांना. बाकीच्या मुलांना नाही. आता खेड्यातली दारिद्र्यरेषेची यादी तुम्हाला माहीत आहे. पत्र्याच्या घरातला पोरगा यादीबाहेर आणि ट्रॅक्टरवाल्याचा यादीत. वर्गात नव्या कपड्यांचं वाटप चाललंय आणि चार पोरं खिडकीतून बाहेर बघत बसलीत, हे मी दरवर्षी पाहिलं. मुख्याध्यापक मग दुकानदाराशी घासाघीस करून त्याच पैशांत चार जोड जास्तीचे बसवायचे. कागदावर ते कधी आलं नाही. २०२३ला राज्याने उरलेल्या मुलांनाही गणवेश द्यायचं ठरवलं, तो निर्णय मला मनापासून आवडला.

त्यापाठोपाठ "एक राज्य एक गणवेश" आलं. आकाशी शर्ट, गडद निळी पँट, आणि दुसरा जोड स्काउट-गाइडचा. २०२४-२५ला कापडाची खरेदी राज्य पातळीवर आणि शिलाई बचत गटांच्या महिलांकडे. कल्पना ऐकायला बरी होती, आमच्या गावच्या बायकांना काम मिळणार होतं. पण एका गणवेशाच्या शिलाईचे शंभरएक रुपये, त्यात दोरा-बटणं, त्यात ने-आण. आमच्या शाळेत पहिला जोड आला तेव्हा १५ ऑगस्ट होऊन गेला होता. प्रभातफेरीला पोरं जुन्याच कपड्यांत. आलेल्या शर्टांत चौथीतल्या एका पोराला बाह्या नखांच्याही पुढे, तर आठवीतल्या मुलीला बटणच लागेना. आम्ही मास्तर मंडळींनी मधल्या सुट्टीत ओटीवर बसून अदलाबदलीचा बाजार भरवला. तरी सात जणांना कशाचंच माप बसलं नाही.

डिसेंबर २०२४मध्ये सरकारने तो निर्णय फिरवला आणि पुढच्या वर्षापासून काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलं. आता गावातला शिंपी शाळेत येऊन एकेकाचं माप घेतो. पाणपोईताई, तो माया ठेवतो. दीड इंच. मी स्वतः बघितलंय.

सत्यशोधी
या गोंधळाला जबाबदार कोण तेही लिहा की गुरुजी! आणि दर निवडणुकीनंतर गणवेशाचा रंग का बदलतो? राजस्थानात २०१७ला तपकिरी, सरकार बदललं की निळा-करडा. बंगालमध्ये २०२२ला सगळीकडे निळा-पांढरा आणि वर सरकारी बोधचिन्ह...

कट्टेकरी
सुरू झालं. आता दोनशे प्रतिसाद आणि धागा कुलूपबंद.

व्यवस्थापक
राजकारणासाठी वेगळा विभाग आहे. इथे गणवेशावर बोला.

कट्टेकरी
गणवेशावर बोलतो. साताऱ्याची सैनिक शाळा, देशातली पहिली, १९६१ची. आम्हाला गणवेश एक नव्हता. पहाटे पीटीचा, मग वर्गाचा खाकी, संध्याकाळी खेळाचा, जेवणाला वेगळा. दिवसात चार वेळा कपडे बदलायचे आणि प्रत्येक वेळी वेळ मिळायचा दहा मिनिटं. आज माझी बायको तयार व्हायला लागली की मी दारात बूट घालून उभा असतो, हे त्याचंच फळ. (तिच्या मते रोग.)

गोदावरीकाठ
नांदेडहून. आमच्या वर्गात शीख मुलं बरीच. त्यांचा पटका गणवेशाच्या रंगाचाच पाहिजे असा नियम. सोमवार ते शुक्रवार निळा, शनिवारी पांढऱ्या ड्रेसवर पांढरा. शनिवारी आम्ही सगळे कॅनव्हासच्या बुटांना खडू घासण्यात गुंग असायचो. एकदा माझा बाकशेजारी घाईत शनिवारी निळा पटका बांधून आला. पीटीच्या सरांनी आम्हा सगळ्यांचे बूट तपासले, अंगठे धरायला लावले, आणि त्याच्यापाशी आल्यावर पटक्याकडे बघून नुसतं "चल पुढं" म्हणाले. पटका काढ म्हणायची सोय नव्हती ना! तो आठवडाभर त्या गुर्मीत होता.

माडाच्या_सावलीत
गोव्यात सरकारी प्राथमिक शाळेत गणवेशाबरोबर रेनकोटही देतात. द्यायलाच हवा, जूनपासून आमचा खरा गणवेश तोच! आतला शर्ट कुठल्या रंगाचा हे बाईंना गणेशचतुर्थीनंतर कळायचं. एका रंगाचे चाळीस रेनकोट खुंटीला टांगलेले, सुटताना कोण कोणाचा घेऊन जायचा पत्ता नाही. माझ्या आईने आत कॉलरला लाल दोऱ्याने फुली घातली होती. दुसऱ्या दिवशी बघितलं तर आणखी अकरा फुल्या.

सायकलस्वार
मुलींच्या स्कर्टबद्दल कुणी बोललंच नाही. मी आठवीपर्यंत स्कर्टमध्ये सायकल चालवली, एक हात हँडलवर, एक मांडीवर. त्या एका हातामुळे दोनदा आपटले. केरळात पेरुंबावूरजवळच्या वळयंचिरंगराच्या प्राथमिक शाळेने २०१८मध्ये मुलगे-मुली सगळ्यांना गुडघ्यापर्यंतची पँट आणि शर्ट दिला. पुढे २०२१ला कोळिकोड जिल्ह्यातल्या बालुश्शेरीच्या मुलींच्या सरकारी शाळेत अकरावीच्या मुलींना शर्ट-पँट आली. त्यावर केवढा वाद झाला! हवेत उडणारं कापड एका हाताने धरून ज्यांनी कधी सायकल चालवली नाही, तेच सगळ्यात जास्त बोलत होते.

बाराखडी
पण मुलींनी मुलांसारखे कपडे घातले म्हणजेच समानता का? मुलांना स्कर्ट का नाही मग?

सायकलस्वार
घाला की. आधी एक हात मांडीवर ठेवून पर्वतीचा चढ चढून दाखवा, मग समानतेवर बोलू.

बाराखडी
माघार. ह.घ्या. (हलके घ्या.)

चादरवाला
धागा उशिरा पाहिला. सोलापूरचा आहे, घरचा गणवेशाचाच धंदा. चादर आणि टॉवेलसाठी गाव ओळखतात, पण गणवेश शिवणारे कारखानेही इथे गल्लीबोळांत आहेत. २०१७पासून आमच्या उत्पादक संघाने गणवेशाचं प्रदर्शनही भरवलं, बाहेरचे व्यापारी आले. कापड बरंचसं भिलवाड्याहून येतं.

तर मूळ प्रश्न, माया. शिंपी एक पँट कापतो. आम्ही टेबलावर ऐंशी-शंभर थर अंथरून मशिनने एकदम कापतो. एका पँटला खाली दोन इंच जादा ठेवले तर दहा हजार पँटींना साधारण पाचशे मीटर कापड जादा लागतं. दुकानदार आम्हाला पँटमागे दोन-दोन रुपयांवर अडवतो, मग पहिली कात्री कशावर चालणार? मायेवर. दुसरं, ओव्हरलॉकची मशीन कड शिवता शिवताच जादा कापड कापत जाते. माया ठेवायची तर शिवणीच्या आधी प्रत्येक कड वेगळी ओव्हरलॉक करावी लागते. वेळ दुप्पट.

गंमत अशी की तुमचे ते पट्टे सुती कापडाचे, विशेषतः खाकीचे. सुती विटतं म्हणून दुमडीतला मूळ रंग उघडा पडायचा. आता पँटचं कापड पॉलिस्टर-व्हिस्कोस, साधारण ६५-३५चं. त्याचा रंग दोन वर्षांत जवळपास हलत नाही. म्हणजे आज माया ठेवली तर सोडल्यावर कुणाच्या लक्षातही येणार नाही. आणि आजच ती ठेवत नाहीत.

पाणपोईताई, शाळा चालत असेल तर त्याच रंगाचं कापड घेऊन शिवून घ्या. ठरावीक दुकानातूनच घ्या अशी सक्ती शाळेला करता येत नाही. फक्त कापड एकदम चार पँटींचं घ्या, पुढच्या वर्षी रंगाची तीच छटा मिळेल याची खात्री नसते. आणि शिवायच्या आधी कापड एक रात्र पाण्यात घालून वाळवा.

उलटा_चष्मा
हा धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. पट्टे गेले ते समानतेमुळे नाही, पॉलिस्टरमुळे!

आजोबा_७५
चादरवाले, खाकी विटते हे खरे. माझ्या भावाची चड्डी शेवटी इतकी पांढरी झाली होती की गुरुजी म्हणाले, टोपी नाही तर नाही, चड्डी डोक्यावर घाल.

पाणपोई
मंडळी, आभार! पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. चादरवाला, तुमचं ऐकून मापाची पँट परत केली (दुकानदाराने पैसे दिले नाहीत, त्या बदल्यात सहा जोड मोजे दिले). कापड आणलं, रात्रभर भिजवलं, कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेले. त्याला म्हटलं, "वाढत्या अंगाचं शिवा." ऐंशीच्या घरातला माणूस, टेप गळ्यात तशीच ठेवून बघत राहिला. मग विचारलं, "दोन इंच की अडीच?"

अडीच सांगितलंय. लेक म्हणतो, तोपर्यंत हाफ पँटला परवानगी आहे का बघ.

तिसरी_घंटा
सहा जोड मोजे म्हणजे या वर्षीचीही सोय झाली.

नवी_पालक
आजच सदस्य झाले. पुण्यात असे माप घेऊन गणवेश शिवणारे कुणी उरलेत का, कोथरूड-कर्वेनगर भागात? आणि चादरवाला, मुलींच्या पिनाफोरला माया खांद्यात ठेवायची की खाली?

चादरवाला
दोन्हीकडे. खांद्यात अर्धा इंच, खाली तीन. बाकीचं विपूत (विचारपुशीत) लिहितो.